पुठ्ठ्यावरचा चेहरा

गेल्या महिन्यात जिवतीकडचा एक माणूस पत्ता विचारत विचारत आमच्या घरी आला. त्याची बहीण नागपूरच्या दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होती. डॉक्टरांनी त्याला आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं होतं की गडचिरोलीत चित्रकलेच्या एक बाई आहेत, त्यांनाही हेच झालं होतं. तो ओट्यावर टेकला आणि पाण्याला हात न लावता म्हणाला, "बाई, मानूस उठते का यातून?"

मी आत गेले, चहा ठेवला, भरलेला कप घेऊन चालत बाहेर आले आणि त्याच्या हातात दिला. तो कपाकडे पाहतच नव्हता, माझ्या पायांकडे पाहत होता.

"उठते," मी म्हटलं. "वेळ लागते, पन उठते."

तो गेल्यावर वाटलं, हे लिहून ठेवावं. मी डॉक्टर नाही. सगळ्यांचं माझ्यासारखंच होईल असंही म्हणत नाही. पण ज्यांच्या घरात असं कुणी निजलेलं आहे, त्यांना आतून कसं असतं ते कुणीतरी सांगायला हवं.

खडू

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवत होते आणि गडचिरोलीहून रोज एसटीनं जात होते. माझे पती देवराव एसटीतच कंडक्टर. घरात सासूबाई आणि सहा वर्षांची आमची मुलगी चिंगी.

त्या दिवशी पाचवीला माणसाचा चेहरा शिकवत होते. पोरांना चेहरा काढायला सांगितलं की बहुतेक पोरं डोळे पार कपाळावर नेऊन ठेवतात. म्हणून मी फळ्यावर आधी अंडं काढायची, निमुळतं टोक खाली. मग मधोमध एक उभी रेघ, मधोमध एक आडवी. "डोळे या आडव्या रेघेवर," असं म्हटलं की वर्गात कुरबूर व्हायचीच. तशी ती झाली. पुढच्या बाकावरची सुनीता म्हणाली, "बाई, डोळे तं वर असते."

"बोटांनी मोजून पाह्य. टाळूपासून डोळ्यापर्यंत किती, अन् डोळ्यापासून हनुवटीपर्यंत किती."

सगळा वर्ग आपापलं डोकं मोजायला लागला. मी नाक काढायला फळ्याकडे वळले आणि हातातून खडू पडला. पोरं हसली. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कुणीच हसलं नाही. बोटं खडूला धरत होती, पण त्यांच्यात जोर नव्हता. जणू ओल्या चिंध्या.

आठवड्यापूर्वी मला जुलाब झाले होते. ते थांबले, पण दोन दिवसांपासून तळपायांना मुंग्या येत होत्या. चप्पल बदलावी लागणार, एवढाच विचार मी केला होता. संध्याकाळी एसटीची पायरी चढता येईना. गाडीतल्या कंडक्टरनं हात धरून वर ओढलं आणि विचारलं, "काय वहिनी, उपास गिपास हाय का?" मी हसले. ते हसू मला लक्षात आहे, कारण त्यानंतर कित्येक महिने मला हसता आलं नाही.

हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावरून उठता आलं नाही. सासूबाईंनी काखेत हात घालून उभं केलं, तर गुडघे वाकले. गावातल्या डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही गप्प. मग कोपरावर, मनगटावर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आम्हा चित्रकलेच्या लोकांना माणसाच्या तोंडाकडे पाहायची खोड असते. त्यांच्या भुवया जराशा जवळ आल्या आणि मला कळलं.

"देवरावभाऊ, आजच नागपूरले न्या. जेवाले थांबू नका."

जीप ठरवली. आरमोरीजवळ दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलं होतं. देवरावांच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते पाहत होते. नागभीड आलं तेव्हा हात डोक्यापर्यंत जाईना. उमरेडच्या अलीकडे त्यांनी पाणी पाजलं, ते नाकातून बाहेर आलं. आम्ही दोघंही घाबरलो, आणि दोघांनीही ते एकमेकांना दाखवलं नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी नाव सांगितलं, जी. बी. सिंड्रोम. अंगातली जी फौज रोगाशी लढते ती चुकून आपल्याच नसांवर चालून जाते, असं समजावलं. मग देवरावांना म्हणाल्या, "आता यांची तब्येत आणखी खाली उतरणार. आजार छातीपर्यंत आला तर श्वासासाठी मशीन लावावी लागेल. तळाला गेल्यावर काही दिवस तिथंच थांबेल. मग चढायला लागेल. बहुतेक लोक चढतात."

"बहुतेक म्हंजे?" देवरावांनी विचारलं.

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "सगळे नाही," म्हणाल्या.

त्याच रात्री मला मशीन लागली.

तळ

यापुढचं नीट सांगायला हवं, कारण हेच कुणाला माहीत नसतं.

मला सगळं ऐकू येत होतं. हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते. पुढं गळ्याला भोक पाडून नळी घातली, त्यामुळे आवाज नव्हता. तोंडाच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्या. पापण्या मिटत नव्हत्या म्हणून रात्री सिस्टर डोळ्यांत मलम घालून वर पट्टी चिकटवत. पण आत मी पूर्ण जागी होते. कुणी कॉटजवळ उभं राहून "हिले काई समजत नसन," असं म्हटलं की ओरडावंसं वाटायचं. तुमचं माणूस असं निजलेलं असेल तर त्याच्याशी बोला. घरात भाजी काय केली तेही सांगा.

खोलीत चार कॉट होत्या. पहाटे पाचला अंग पुसणं, सहाला चादर बदलणं. चादर बदलायची म्हणजे मला कुशीवर वळवायचं आणि पाठीत सुऱ्या फिरायच्या. अंग लुळं पडलं म्हणजे दुखणंही जातं असं लोकांना वाटतं, तसं नाही. आठला राउंड. दुपारी नळीतून भाताची पेज. मधेमधे गळ्यातला कफ ओढून काढणं, त्याची मला सगळ्यात जास्त भीती. खिडकीकडच्या कॉटवरची म्हातारी एका दुपारी गेली. पडदा ओढला, गादी उन्हात नेली, संध्याकाळी तिथं दुसरं कुणी आलं. मी वरच्या पंख्याकडे पाहत देवाला म्हटलं, मलाही ने. हे मी आजपर्यंत घरात सांगितलेलं नाही.

माझ्या शेजारच्या कॉटवर राजुऱ्याची नसरीन होती. मेंदूत ताप शिरला होता, शुद्ध नव्हती. तिच्याजवळ तिची सासू शकीलाबी बसायची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, घरी शिवणकाम करणारी. नातेवाइकांना ठरावीक वेळीच आत सोडायचे, पण शकीलाबीनं सगळ्या सिस्टरांची ब्लाउजं दुरुस्त करून दिली होती, त्यामुळे तिला कुणी उठवत नसे.

एका दुपारी माझ्या नाकाला खाज सुटली. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण हात हलत नसताना नाकाची खाज म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. डोळ्यांत पाणी आलं. देवराव घाबरे झाले. "दुखून राह्यलं का? पाय का? पाठ का?" मी डोळे फिरवत होते आणि ते आणखी गोंधळत होते.

शकीलाबी उठून आली. "थांबा भाऊ. असे धडाधड विचारसान तं ते सांगन कशी? बाई, माह्याकडे पाहा. हो असन तं वर पाहा, नाई असन तं खाली. समजलं?"

मी वर पाहिलं.

पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा मी कुणाला तरी उत्तर दिलं होतं.

तिनं सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. देवरावांच्या खिशातला पेन घेतला. पुठ्ठ्यावर एक वेडावाकडा गोळा काढला, त्यात दोन टिकल्या, एक काडी, एक रेघ आणि बाजूंना दोन कान. खाली हात, पाय, धड. मग एकेका ठिकाणी बोट ठेवत गेली. "कान? डोळा? नाक?"

मी वर पाहिलं. तिनं पदरानं माझं नाक खसखसून पुसलं. मला स्वर्ग मिळाला.

त्या दिवसापासून तो पुठ्ठा माझ्या उशाशी राहिला. सिस्टर तोच वापरायच्या, देवराव तोच वापरायचे. आणि मी दिवसभर त्या चेहऱ्याकडे पाहत पडून राहायची. शकीलाबीनं डोळे थेट कपाळावर काढले होते, केसांना चिकटून. मला ते बघवत नव्हतं! माझ्या अंगातलं एक बोट हलत नव्हतं, मरणाची भीती उशाशी होती, आणि माझं मास्तरणीचं मन म्हणत होतं, अगं बाई, खाली घे ते डोळे. आता वाटतं, त्या चिडण्यानंच मला धरून ठेवलं.

घरचे

घर वेगळंच तुटत होतं. माझे दीर गावाहून आले ते पुजाऱ्याला विचारूनच. "हे बाहेरचं हाय. शाळेच्या वाटेवर जंगलात कुठीतरी पाय पडला. घरी घेऊन चला, पुजारी उतरवते." कॉटपासून दोन हातांवर ते हे बोलत होते.

"मशीन काढली तं दहा मिनिटात जाईन ते," देवराव म्हणाले.

"मशीनीनं कोनतं बरं केलं? महिना होऊन राह्यला."

सासूबाई मधे उभ्या होत्या. त्यांचा पुजाऱ्यावर विश्वास होता आणि लेकावरही. शेवटी त्या दिराला म्हणाल्या, "तू गावी जाऊन पूजा कर. सुनेले मी इथीच ठेवतो." एवढ्या वाक्यानं दोन्ही भावांची तोंडं बंद झाली. ते तेव्हा तुटले असते तर माझ्यामुळे तुटले असते. सासूबाईंचे उपकार मी मोजतच नाही.

देवराव रोज रजा मिळवायला झगडत होते, बाकावर निजत होते, आणि मी, आवाज आल्यावर, त्यांच्यावरच खेकसले. ते मला पेज देत होते आणि मी म्हटलं, "तुमाले एक काम धड येत नाई." त्यांनी चमचा खाली ठेवला, बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं येऊन परत भरवायला लागले. त्याबद्दल मी अजून माफी मागितलेली नाही. हे छापून आलं तर वाचतील.

चिंगीला त्यांनी एकदाच आणलं. मी तेव्हा मशीनवरच होते. तिला नवा फ्रॉक घातला होता. ती दारातून आली, माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे उघडे, ओठ लटकलेले, गळ्यात नळी. मी सगळा जीव एकवटून हसायचा प्रयत्न केला. तोंडावर काही उमटलं नसणार, कारण ती मागे सरली आणि आजीच्या लुगड्यात शिरली.

"हे माही आई नाई."

"अवं, आईच हाय नं," सासूबाई म्हणाल्या.

"नाई. आई अशी नाई पाह्यत."

तिला बाहेर नेलं. शकीलाबी माझ्या कॉटवर बसली, माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. पुठ्ठा काढला नाही.

आवाज

आधी डाव्या हाताचा अंगठा हलला. डॉक्टरबाईंनी चारचारदा हलवून घेतला आणि स्वतःच टाळी वाजवली. मग खांदे, मग छाती. दिवसातून अर्धा तास मशीन काढायचे, मग तासभर, मग सकाळपासून दुपारपर्यंत. एके दिवशी सिस्टरनं गळ्याच्या नळीवर बोट दाबलं आणि म्हणाली, "बोला बाई, काही तरी बोला."

देवराव एका बाजूला, शकीलाबी दुसऱ्या बाजूला. सगळ्यांना वाटलं, मी नवऱ्याचं नाव घेईन, नाहीतर देवाचं. माझ्या तोंडातून घोगरा आवाज निघाला, "शकीलाबी, डोळे मधात पायजे."

कुणाला काही कळेना. मी डोळ्यांनी पुठ्ठा दाखवला. शकीलाबीनं तो उचलला, पाहिला, आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. "या अल्ला! एवढे दिवस हे मनात धरून होते का तुमी?" मग हसता हसता रडली. देवराव भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

"मंग शिकवा मले," ती म्हणाली.

मी कधीच न दाखवता शिकवलं नव्हतं. फळ्यावर काढायची आणि पोरं उतरवून घ्यायची. आता हात नव्हते. नुसतं बोलायचं, तेही दम लागेपर्यंत. "अंडं काढा. दाबू नका, हलकं. आता मधातून आडवी रेघ. दोन डोळ्यांच्या मधात एक डोळा मावन एवढी जागा ठेवा. नाक डोळ्यांच्या अन् हनुवटीच्या मधोमध संपते. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत."

"कान एवढे मोठे असते?"

"भाऊचे पाहा."

तिनं देवरावांच्या कानाला सरळ बोट लावून मोजलं. ते लाजले. मग म्हणाली, "सच में." जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्याची, खांद्याची मापं घेतली, तिला माप पटकन कळत होतं. फक्त तोंडाचं माप घ्यायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं झोपलेल्या नसरीनचा चेहरा काढला. शिवणाऱ्या बाईची रेघ होती ती, थांबून थांबून टाका घातल्यासारखी. पण ती नसरीनच होती. पुढच्या आठवड्यात नसरीननं डोळे उघडले. माणसं ओळखायला तिला बरेच दिवस लागले. सासूनं ते चित्र समोर धरलं तर ती बराच वेळ बघून म्हणाली, "इसकी नाक मोटी है." आम्ही तिघी किती हसलो! म्हणजे त्या दोघी हसल्या, मी फक्त आवाज काढला.

त्या राजुऱ्याला गेल्या तेव्हा शकीलाबी मला म्हणाली, "बाई, बिटियाले घाबरू नका. तिले वेळ द्या."

चिंगी

संक्रांतीच्या आसपास मला घरी आणलं. दोघांनी धरलं तर चार पावलं पडायची. हातांत चमचा राहायचा, पेन्सिल निसटायची. देवरावांनी तिच्यावर सुतळी गुंडाळून ती जाड करून दिली. पण चेहरा अजून तसाच होता, सपाट. आवाजात राग, लाड, सगळं यायचं, तोंडावर काही यायचं नाही. चिंगी माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची. आजीजवळ निजायची. मी बोलावलं की म्हणायची, "अभ्यास हाय."

मी तिला ओढून जवळ घेतलं नाही. पुष्कळदा तसं करावंसं वाटलं.

एका दुपारी ती उंबऱ्यात बसून पाटीवर माणूस काढत होती. मी म्हटलं, "कोनाचं तोंड काढून राह्यली?"

"कोनाचंच नाई."

"मंग तसंच दिसन, कोनाचंच नाई. समोर मानूस पायजे. माहं काढते का?"

तिनं पाटी पुसली. मग म्हणाली, "तू हालशील?"

"मले कुठी हालता येते?"

हे तिला पटलं. उंबऱ्यावरूनच तिनं अंडं काढलं. मी रेघा सांगितल्या. "आता डोळे. माह्या डोळ्यात पाह्यल्याशिवाय ते येनार नाई."

तिनं पाहिलं. लगेच पाटीकडे मान घातली. पुन्हा पाहिलं. दुरून नीट दिसेना म्हणून जरा आत सरकली. मग आणखी जरा. माझी डावी पापणी उजवीपेक्षा खाली का, असं विचारलं. मी सांगितलं, "ते अजून जागी नाई झाली." गळ्यावरचा व्रण काढायचा का, विचारलं. "हाय तं काढ." तिनं तो काढला, छोटी फुली. ती आता कॉटला टेकून उभी होती. एका हातानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आजी तिचं तोंड पुसायला धरते तसं. एवढ्या महिन्यांनी तिचा हात मला लागला होता. मी हलले नाही.

ओठ राहिले होते. ती कॉटवर बसली आणि पाटी मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. बाहेर सासूबाई तांदूळ पाखडत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"आई," ती म्हणाली, "तू हासून राह्यली का?"

मी हसतच होते. केव्हाची हसत होते.

"हो. तुले कसं समजलं? तोंडावर तं काई दिसत नसन."

"नाई दिसून राह्यलं," ती म्हणाली. मग पाटीवर वाकली आणि ओठांची टोकं वर नेली.